ईथर की क्लोरोफॉर्म?

मागच्या महिन्यात बाबांच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये होतो. आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ मॅडम आल्या. दात हलतात का, जिना चढताना दम लागतो का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, असे वीस प्रश्न विचारून म्हणाल्या, "स्पायनल देऊ या, काका." संपलं. बाबांना सर्जनचं नाव पाठ होतं, या बाईंचं विचारायचं सुचलंही नाही. आपलं सगळ्यांचं असंच असतं.

मग शनिवार-रविवार वाचत बसलो. हा 'काय द्यायचं' प्रश्न भूल जन्मली तेव्हापासूनचा आहे. बोस्टनमध्ये ऑक्टोबर १८४६ मध्ये ईथर देऊन जाहीर ऑपरेशन झालं आणि मार्च १८४७ मध्ये ते कलकत्त्यात पोचलंसुद्धा. (आगबोटींच्या जमान्यात पाच महिने! आमची अपग्रेडं याहून हळू येतात.) त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एडिंबराच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणला आणि भांडण सुरू झालं.

आपल्याकडे क्लोरोफॉर्म जिंकला, त्याला हवामानाचाही हात होता. ईथर साधारण ३५ अंशांना उकळतं. म्हणजे मे महिन्यातल्या घाटकोपरात बाटलीचं बूच काढलं की रुग्णाच्या आधी खोलीच गुंगायची. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो, थोडा पुरतो, आणि मुख्य म्हणजे पेट घेत नाही. ईथरची वाफ ठिणगी मिळाली की भडकते. आणि तेव्हा ऑपरेशनला उजेड कशाचा? दिव्याचा, कंदिलाचा.

हे फार जुनं वाटत असेल तर १२ जानेवारी १९२४ ची रात्र बघा. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींना अपेंडिक्ससाठी पुण्याच्या ससूनमध्ये हलवलं होतं. सर्जन कर्नल मॅडॉक. कैदी सरकारचा आणि सर्जनही सरकारचा. टेबलावर काही बरंवाईट झालं असतं तर देशात काय झालं असतं, हे दोघांनाही कळत होतं. म्हणून श्रीनिवास शास्त्रींच्या समोर गांधीजींनी संमतीपत्रावर सही केली. ऑपरेशन चालू असताना वीज गेली. बॅटरी धरली, तीही विझली. शेवटचं काम कंदिलावर उरकलं. अशा खोलीत ईथरची वाफ भरलेली असणं म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा.

पण क्लोरोफॉर्मची किंमत वेगळी होती. जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडात हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना काही मिनिटांत गेली. तशी आणखी माणसं जात राहिली. का? श्वास थांबतो म्हणून, की हृदय?

याचा निकाल लावायला निघालं हैदराबाद. (मराठवाडा तेव्हा निजामाकडेच होता, म्हणजे आपल्या घरातलंच प्रकरण.) तिथला सर्जन एडवर्ड लॉरी ठाम होता: आधी श्वास थांबतो, तेव्हा श्वासावर नजर ठेवा, नाडी बघत बसू नका. १८८८ च्या पहिल्या कमिशनवर 'लॅन्सेट'ने विश्वास ठेवला नाही, तर निजामाने १००० पौंड देऊन त्यांचाच माणूस बोलावला. १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन आला, शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि निकाल पुन्हा लॉरीच्या बाजूने.

मला इथे लॉरीचा राग येतो आणि कौतुकही वाटतं. श्वासावर नजर ठेवा हा नियम उत्तमच. पण 'हृदयाला धोका नाही' हे चूक होतं. १९११ मध्ये गुडमन लेव्हीने दाखवलं की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना घाबरलेल्या शरीरातलं अ‍ॅड्रिनालिन उसळलं तर हृदय फडफडून थांबू शकतं. म्हणजे घाबरून, जपून, थोडंथोडं देणारा डॉक्टरच जास्त धोक्यात घालत होता! इतके टेस्ट केस चालवले, पण नेमका हा निसटला.

लॉरीच्याच मेडिकल स्कूलमधून रूपाबाई फर्दूनजी शिकल्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक म्हणून त्यांचं नाव घेतात. हैदराबादच्या इस्पितळांत वर्षानुवर्षं क्लोरोफॉर्म देऊन झाल्यावर १९०९ मध्ये त्या एडिंबराला गेल्या, आणि तिथे पुन्हा विद्यार्थिनी होऊन बसल्या, फिजिक्स आणि केमिस्ट्रीच्या वर्गात.