फोनोचा कर्णा ते खिशातला फोन

यंदा श्रावणात मंडळाच्या कार्यालयातला माळा आवरायला काढला. मखराच्या फळ्या, विजेच्या जुन्या माळा आणि नाटकाच्या मिशा-दाढ्या यांच्यामागे पत्र्याच्या दोन पेट्या निघाल्या. एकीत काळ्या, जड रेकॉर्डी होत्या, काही तडकलेल्या. दुसरीत कॅसेट्स होत्या. वर बॉलपेनने वर्ष आणि कार्यक्रमाचे नाव : 'भजनसंध्या', 'कीर्तन, दिवस ३ रा', 'बालनाट्य'. मदतीला आलेल्या कॉलेजातल्या एका मुलाने कॅसेट उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "काका, ही लावायची कशात?"

त्याने थट्टा केली नव्हती, पण आम्ही निरुत्तर झालो. मंडळाचा टेपरेकॉर्डर केव्हाच भंगारात गेला होता. पंचवीस वर्षांच्या गणेशोत्सवाचे आवाज हातात होते आणि ते ऐकण्याचे साधन आमच्यापैकी एकाच्याही घरी धड नव्हते. त्या क्षणी आम्ही एकदम म्हातारे झालो.

घरी जाताना मात्र आठवले की हे म्हातारपण आमच्याच वाट्याला आलेले नाही. आमच्या वडिलांना ते कॅसेटने आणले होते, आजोबांना रेडिओने आणि पणजोबांना फोनोने. इंदूरच्या मराठी घरांत गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत गाणे कसकसे आले, त्याची ही थोडी उजळणी.

एडिसनने १८७७ मध्ये आवाज साठवणारे यंत्र बनवले. दहा वर्षांनी बर्लिनरने सपाट तबकडीचा ग्रामोफोन आणला. आपल्याकडे ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित केले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गायचे, त्या आवाजाच्या कंपाने सुई मेणावर रेघ ओढायची. ती मेणाची तबकडी जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जायची आणि तिथे तिच्या प्रती निघून पुन्हा आपल्या बाजारात यायच्या. रेकॉर्ड लाखेची. म्हणजे पुष्कळदा लाख आपल्याच जंगलातली, गाणे आपले आणि छपाई सातासमुद्रापार.

दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि तीन-साडेतीन मिनिटांत संपे. रात्र-रात्र चालणाऱ्या बैठकीच्या गाण्याला ही केवढी कैची! नाटकात बालगंधर्वांच्या पदाला 'वन्स मोअर' मिळत मिळत अर्धा तास जायचा. तेच पद रेकॉर्डवर तीन मिनिटांत आटोपायचे. जुन्या जाणकारांना ही गाण्याची विटंबना वाटली. यंत्राला कान लावून गाणे ऐकणाऱ्या पोरांना बैठकीतली बसायची रीत तरी कळेल का, असे ते म्हणत. आज आमच्या नातवंडांबद्दल आम्ही जे बोलतो, त्यात आणि त्यांच्या बोलण्यात फारसा फरक नाही.

पण त्याच तीन मिनिटांनी काय केले, तेही पाहावे. गदगचा एक मुलगा खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीची रेकॉर्ड ऐकून असा वेडावला की गाणे शिकण्यासाठी घर सोडून निघाला. भटकत तो ग्वाल्हेरला पोहोचला आणि शिंदे सरकारच्या माधव संगीत विद्यालयात शिकला. तेच पुढे पंडित भीमसेन जोशी. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा दुसरा एक मुलगा मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून त्या हुबेहूब म्हणून दाखवी. तो शिवपुत्र कोमकळी म्हणजे कुमार गंधर्व. क्षयाच्या आजारात हवापालटासाठी १९४८ मध्ये ते आपल्या शेजारी देवासला आले आणि मग माळव्याचेच झाले. बेळगाव, गदग, ग्वाल्हेर, देवास : महाराष्ट्राच्या सीमेबाहेरची ही गावे रेकॉर्डच्या एका रेघेने जोडली गेली.

तीन मिनिटांच्या कैचीतून नवे गाणेही जन्मले. ना. घ. देशपांडे यांच्यासारख्या कवींच्या कविता जी. एन. जोशींनी रेकॉर्डवर गायल्या आणि मराठी भावगीत घरोघर गेले. पुढे जोशी स्वतः एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले. भावगीत आज आम्हाला 'जुने, अस्सल' वाटते. एके काळी ते यंत्राच्या सोयीने बेतलेले अगदी नवे फॅड होते, हे आम्ही सोयीस्करपणे विसरतो.

मग रेडिओ आला. रेडिओसाठी पोस्टात दरवर्षी परवान्याची फी भरावी लागे, हे आज नातवंडांना सांगितले तर ती हसतात. आमच्या इंदूरचे आकाशवाणी केंद्र १९५५ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी रामनवमीला, १ एप्रिल रोजी, पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' सुरू झाले आणि वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते प्रसारित झाली. लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकत. गाणे चुकले तर चुकले! थांबवून पुन्हा लावायची सोय नव्हती. म्हणून कोणी कान देऊन ऐकायचे, कोणी वहीत भराभर शब्द उतरवायचे, आणि संध्याकाळी शेजारी वही मागायला यायचे.

त्याच काळात नभोवाणी खात्याचे मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम काय झाला? देशभरातल्या पोरांनी रेडिओचा काटा सिलोनवर नेला आणि १९५२च्या अखेरीस सुरू झालेल्या अमीन सयानींच्या 'बिनाका गीतमाले'साठी बुधवारची रात्र राखून ठेवली. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीलाच विविध भारती काढावी लागली. घरातल्या वडीलधाऱ्यांनी नव्या गाण्याला दार लावले की पोरे खिडकीतून उडी मारतात, एवढे तरी यातून शिकायला हवे.

लाँग प्ले रेकॉर्ड १९४८ मध्ये अमेरिकेत निघाली. मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे, नेमके तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे, आणि एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे. आपल्याकडे ती पोहोचली तेव्हा ख्यालाला पुन्हा श्वास घेता आला. आपल्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांची अतिविलंबित बढत तीन मिनिटांत मावणारी नव्हतीच. त्यांचा मारवा आणि दरबारी लाँग प्लेवर आले आणि मैफलीला कधी न गेलेल्या माणसालाही कळले की हे गाणे किती सावकाश उलगडते. म्हणजे साधन बदलले की दर वेळी काहीतरी हरवतेच असे नाही. पूर्वी हरवलेले कधी कधी परतही मिळते.

कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणली, पण आपल्या घरांत ती खरी शिरली १९८०च्या दशकात. गल्लोगल्ली कॅसेटची दुकाने झाली. आरत्या, भजने, भारुडे, पोवाडे, लग्नातली गाणी, ज्यांना मोठ्या कंपन्या विचारत नव्हत्या असे गायकही बाजारात आले. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एक पट्टी असते, जेमतेम चार मिलिमीटर रुंद आणि सुमारे ८५ मीटर लांब. ती गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायची, हे शास्त्र आमच्या पिढीला पाठ होते. पण कॅसेटचे खरे मोल वेगळेच होते. फोनोवर आणि रेडिओवर फक्त ऐकता येई. कॅसेटवर घरच्या घरी आवाज धरून ठेवता येई. आजीची भूपाळी, बाळाचे बोबडे बोल, मंडळातले कीर्तन. सामान्य माणसाच्या आवाजालाही जागा मिळाली.

त्यानंतरचे सगळ्यांना माहीत आहे. सोनी आणि फिलिप्सची सीडी १९८२ मध्ये आली : बारा सेंटीमीटर व्यास, ७४ मिनिटे. जर्मनीत तयार झालेल्या तंत्राला १९९५ मध्ये एमपीथ्री हे नाव मिळाले आणि एका तबकडीत शंभर-दीडशे गाणी मावू लागली. मग पेन ड्राइव्ह, मग फोन, आणि आता तर गाणे घरात नसतेच. बोट लावले की कुठूनसे येते.

या साऱ्या प्रवासाचा एक साक्षीदार आपल्याच गावात जन्मला. लतादीदी २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदुरात जन्मल्या, १९४२ पासून गाऊ लागल्या आणि २०२२ मध्ये गेल्या. त्यांचा आवाज लाखेच्या तबकडीवर होता, लाँग प्लेवर होता, कॅसेटवर, सीडीवर होता आणि आज नातवाच्या फोनमध्ये आहे. चार वेळा घर बदलले, पण आवाज जुना झाला नाही. इंदूरजवळ पिगडंबर येथे सुमन चौरसिया यांनी त्यांच्या नावाने हजारो रेकॉर्डींचे संग्रहालय उभे केले आहे. तिथे जाऊन आलेल्याला आम्ही काय म्हणतो ते लगेच पटेल.

आता याची दुसरी बाजू. आवाज टिकतो तो आपोआप नव्हे. कोणीतरी त्याला वेळेवर नव्या घरात नेलेले असते म्हणून. गायनाचार्य भास्करबुवा बखले हे बालगंधर्वांचे आणि मास्टर कृष्णरावांचे गुरू. त्यांचे शिक्षण काही काळ बडोद्यास झाले. १९२२ मध्ये ते गेले, म्हणजे ग्रामोफोन आपल्याकडे येऊन वीस वर्षे झाली होती. तरी त्यांच्या आवाजाची एकही रेकॉर्ड आज आपल्यापाशी नाही. थोर अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत होते; त्यांचीही रेकॉर्ड बाजारात आली नाही. त्यांचे गाणे शिष्यांच्या गळ्यातून कळते, ही परंपरेची कृपा. पण तो आवाज कसा होता, हे आता कोणालाही ऐकता येणार नाही.

एवढ्या मोठ्या माणसांची ही गोष्ट, तर आमच्या पेटीतल्या आवाजांचे काय? इथे एक कबुली द्यावी लागते. एक जुना टेपरेकॉर्डर एका घरातून उसना मिळाला आणि 'कीर्तन, दिवस ३ रा' अशी अक्षरे असलेली कॅसेट आम्ही मोठ्या उत्सुकतेने लावली. कीर्तनकार आमच्याच मंडळातले वयोवृद्ध गृहस्थ, जाऊन आता तीस वर्षे झाली. पूर्वरंगाची सुरुवात झाली, झांजा ऐकू आल्या, बुवांनी नमन केले, आणि चौथ्या-पाचव्या मिनिटाला खट्ट असा आवाज होऊन सिनेमातली गाणी सुरू झाली. कोणत्यातरी वर्षी मांडवात लावायला कोरी कॅसेट सापडली नाही म्हणून आम्हीच त्यावर गाणी भरून घेतली होती. कॅसेटच्या पाठीवर दोन छोटे प्लास्टिकचे दात असतात. ते मोडले की वर पुन्हा काही भरता येत नाही. एवढे दोन दात मोडायचे आम्ही राहून गेलो होतो. दोष यंत्राचाही नाही आणि काळाचाही नाही. खोलीत काही वेळ कोणी बोलले नाही. बुवांचा नातू तिथेच होता. तो म्हणाला, "चार मिनिटं तर आहेत ना काका? आम्हाला तेवढीच द्या."

तेव्हापासून आम्ही म्हातारे झाल्याचे दुःख करणे थोडे कमी केले आहे आणि घाई थोडी वाढवली आहे. चुंबकीय पट्टी कायमची नसते. पावसाळ्यातल्या दमटपणाने तिला बुरशी लागते, लेप सुटू लागतो, आवाज विटतो. घरी भरलेल्या सीडींचाही भरवसा नाही, आणि फोनमधले तर फोनबरोबर जाते. म्हणून मंडळाने ठरवले आहे की विसर्जनानंतरचा पहिला रविवार या कामाला द्यायचा. ज्यांच्या घरी अशा कॅसेट्स असतील त्यांनी त्या आणाव्यात. प्रत काढून मूळ कॅसेट परत मिळेल. प्रत्येक आवाज दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायचा, आणि सोबत कोण, कधी, कुठे हे लिहून ठेवायचे. नावाविना आवाज म्हणजे पत्ता नसलेले पत्र.

परवा या कामाची तालीम झाली. संगणकाला तार कुठे जोडायची, आवाज कसा भरायचा, खरखर कशी कमी करायची, हे सारे मुलांना ठाऊक. आम्हाला त्यातले काहीच कळत नव्हते. पण १९८०च्या दशकातली एक भजनाची कॅसेट सुरू झाली आणि मागून एक बारीक, जरा वरच्या पट्टीतला आवाज आला. मुलांनी विचारले, "हे कोण?" आम्ही तिघे-चौघे एकदमच बोललो. ती एका मुलीची पणजी निघाली. तिने पणजीला फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिले होते.

तार जोडणारे हात त्यांचे आणि आवाज ओळखणारे कान आमचे. हे कान आहेत तोवर पेट्या उघडायला हव्यात. वाचकहो, आपापल्या माळ्यावर एकदा नजर टाका, आणि कॅसेटच्या पाठीवरचे दात आधी मोडा.

गणपती बाप्पा मोरया!