सामान्य, दुर्बीण व सूक्ष्मदर्शक छायाचित्रणासाठी कॅमेऱ्याची निवड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

महाविद्यालयातील प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र व पदार्थविज्ञान या विभागांसाठी मिळून एकच कॅमेरा घ्यावयाचा झाल्यास तो कोणता असावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ खरेदीचा वाटतो. दरपत्रके मागविताना पिक्सेलची संख्या आणि किंमत यांचीच तुलना बहुधा केली जाते. वास्तविक हा प्रश्न छायाचित्रणाच्या इतिहासाइतकाच जुना आहे. त्या इतिहासाचे अवलोकन केल्यास असे दिसून येते की, कॅमेऱ्याची योग्यता ही त्याच्या स्वतंत्र गुणांपेक्षा तो ज्या उपकरणास जोडावयाचा त्याच्याशी असलेल्या मेळावर अधिक अवलंबून असते.

आरंभीचा काळ

दगेरच्या छायाचित्रण पद्धतीची घोषणा १८३९ मध्ये पॅरिस येथे झाली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क येथे जॉन विल्यम ड्रेपर यांनी चंद्राचे छायाचित्र घेतले. १८४५ मध्ये आल्फ्रेड दोने व लेआँ फूको यांनी सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या छायाचित्रांवर आधारित चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. १८५० मध्ये हार्वर्ड वेधशाळेत अभिजित ताऱ्याचे छायाचित्र घेण्यात आले. म्हणजेच व्यक्ती व दृश्ये यांचे छायाचित्रण रूढ होत असतानाच विज्ञानाच्या या दोन्ही उपकरणांनी कॅमेऱ्याला आपलेसे केले होते.

मात्र तिघांच्या गरजा भिन्न होत्या. सामान्य छायाचित्रणात विषय हलतो, म्हणून उद्भासनाचा काळ अल्प हवा. सूक्ष्मदर्शकाखाली प्रकाश वाढविता येतो, पण लहानसा धक्काही प्रतिमा पुसट करतो. आकाशातील प्रकाश वाढविता येत नाही, म्हणून तेथे उद्भासन दीर्घ काळ चालू ठेवणे भाग असते.

शुष्क काचेचे युग

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी प्रसिद्ध केलेल्या कोलोडियन पद्धतीत काच ओली असतानाच वापरावी लागे. त्यामुळे दीर्घ उद्भासन अशक्य होते. हा अडसर दूर करण्याची वाट सूक्ष्मदर्शकाद्वारे छायाचित्रण करणाऱ्या एका वैद्याने दाखविली. रिचर्ड लीच मॅडॉक्स यांना कोलोडियनमधील ईथरच्या वाफांचा त्रास होत असे. त्यांनी १८७१ मध्ये जिलेटिनचा पर्याय सुचविला व त्यातून शुष्क काच विकसित झाली. तिचा मोठा लाभ दुर्बिणीस झाला. १८८० मध्ये हेन्री ड्रेपर यांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे ५१ मिनिटांच्या उद्भासनाने छायाचित्र घेतले; १८८२ मध्ये त्यांनी हा काळ १३७ मिनिटांपर्यंत नेला.

महाराष्ट्राचाही या परंपरेशी प्रत्यक्ष संबंध आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा स्थापन झाली. तेथील प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे प्रकाशपटांची छायाचित्रे घेतली. खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटांचीच होती. एवढ्या अवधीत यश मिळावयाचे तर उपकरण व कॅमेरा यांची जुळणी आधीच निर्दोष असणे आवश्यक होते.

डिजिटल पर्व

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत बॉइल व स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. २००९ च्या पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी तयार केलेल्या कॅमेऱ्यात अवघे १०,००० पिक्सेल होते आणि एक चित्र नोंदविण्यास २३ सेकंद लागत.

निकॉनच्या कूलपिक्स मालिकेतील ९५० हा कॅमेरा १९९९ मध्ये आला. त्याचे भिंग लहान होते, झूम करताना ते बाहेर येत नसे व त्यावर २८ मिलिमीटर व्यासाचे आटे होते. शिवाय त्याचे अंग फिरविता येई. त्यामुळे तो नेत्रिकेस सहज जोडता येऊन घरी, दुर्बिणीवर व सूक्ष्मदर्शकावर सारखाच उपयोगी ठरला. २००२ मध्ये याच धर्तीचे ४५०० हे प्रारूप आले. लहान संवेदकामुळे अंधूक आकाशीय वस्तूंसाठी मात्र हे कॅमेरे अपुरे पडत.

भिंग काढता येणाऱ्या डिजिटल एसएलआरमध्ये दुर्बिणीची प्रतिमा थेट संवेदकावर घेता येते. परंतु आतील आरसा उचलला जाताना कंपन होते. तसेच नेहमीच्या कॅमेऱ्यातील गाळणी हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश बराचसा अडविते. म्हणून कॅननने २००५ मध्ये खगोल छायाचित्रणासाठी २०डीए हे स्वतंत्र प्रारूप काढले. २००८ पासून आलेल्या आरसाविरहित कॅमेऱ्यांनी आरशाच्या कंपनाचा प्रश्न मिटविला.

निवडीचे निकष

पिक्सेलविषयीचा भ्रम साध्या गणिताने दूर होतो. ४० पट वर्धनाच्या व ०.६५ संख्यात्मक द्वारकाच्या वस्तुभिंगाची विभेदनमर्यादा सुमारे अर्धा मायक्रॉन असते. प्रतिमेत हे अंतर सुमारे २० मायक्रॉन होते. ते नोंदविण्यास १० मायक्रॉनचा पिक्सेल पुरतो. त्यामुळे १६ × १२ मिलिमीटर प्रतिमेसाठी सुमारे २० लाख पिक्सेल पुरेसे होतात. त्यापुढील पिक्सेल नवा तपशील दाखवीत नाहीत.

दुर्बिणीबाबत संवेदकाचा आकार पाहावा. १००० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत चंद्राची प्रतिमा सुमारे ९ मिलिमीटरची पडते. ती २२.५ × १५ मिलिमीटरच्या संवेदकावर पूर्ण मावते. कूलपिक्सच्या सुमारे ७ × ५ मिलिमीटरच्या संवेदकावर थेट घेतल्यास मावत नाही.

निष्कर्ष

तिन्ही कामांसाठी एकच कॅमेरा घ्यावयाचा असल्यास भिंग काढता येणारा, आरसाविरहित, हाताने उद्भासन ठरविता येणारा व दूरनियंत्रणाची सोय असलेला कॅमेरा निवडणे इष्ट ठरते. त्याबरोबरच दोन्ही उपकरणांसाठी योग्य जोडण्या व भक्कम आधार यांची तरतूद त्याच अंदाजपत्रकात असावी. जोडणीवाचून घेतलेला महागडा कॅमेरा कपाटात राहतो आणि विद्यार्थी मात्र नेत्रिकेत दिसलेले दृश्य पुन्हा हातानेच रेखाटीत राहतात.