सोमची लढाई, १ जुलै १९१६ : खाटा दोनशे

पहिलं महायुद्ध, जून १९१६, ऑल्डरशॉट, इंग्लंड. केंब्रिज लष्करी रुग्णालयात हॅरल्ड गिलीज हा न्यूझीलंडचा कान-नाक-घसा सर्जन चेहऱ्याच्या जखमांचा वॉर्ड चालवतो. असे जखमी फ्रान्समधून भलत्याच इस्पितळात जातात, म्हणून त्याने पदरचे दहा पौंड मोडून सामानाची लेबलं आणली आणि वर आपला पत्ता घालून युद्धखात्याला धाडली. लेबल बांधलेले जवान खरोखरच येऊ लागले. फ्रान्समधल्या सोम नदीकाठी ब्रिटिश करणार असलेल्या चढाईसाठी आता २०० खाटा वाढवल्या आहेत.

२४ जून. ब्रिटिश तोफा सुरू. आठवडाभरात सुमारे पंधरा लाख गोळे.

१ जुलै, सकाळी ६.२५. शेवटचा भडिमार. जर्मन खोल भुयारांत बसून आहेत. काटेरी तारा बऱ्याच ठिकाणी शाबूत.

७.२०. हॉथॉर्न टेकडीखालचा सुरुंग उडतो, हल्ल्याच्या दहा मिनिटं आधी. शत्रूला आयतीच वर्दी!

७.३०. शिट्ट्या वाजतात. लख्ख उजेडात रांगाच्या रांगा मशीनगनपुढे. डोक्यावर नवं पोलादी शिरस्त्राण, चेहरा मात्र उघडा. जबडा फुटला की जिभेचा आधार जातो. जखमी उताणा निजवला तर जीभ घशात पडते, रक्त श्वासनलिकेत उतरतं. त्याला पुढे वाकवून बसवायला हवं. पण स्ट्रेचरवर माणूस उताणाच ठेवायची रीत. केल्सी फ्राय या डॉक्टरने आघाडीवर हे पाहिलं होतं: त्याने एका जवानाला मान खाली घालून चालवत मदतकेंद्रापर्यंत जिवंत आणलं, तिथे त्याला उताणा निजवला आणि तो गुदमरून गेला. गोळीने वाचवलेला माणूस मदतीने मारला, असंच म्हणायचं.

दिवसअखेर. ब्रिटिश हानी ५७,४७०. त्यांत मृत १९,२४०.

पुढचे दिवस, ऑल्डरशॉट. चेहऱ्याचे जखमी सुमारे २,०००. कुणाला हनुवटी नाही, कुणाला नाक. घाईने कडा ओढून टाके घातले तर तोंड कायमचं वाकडं होतं. म्हणून आधी जबडा दातांच्या पट्टीने सांधायचा, कातडी मागाहून. नाकासाठी कपाळाची कातडी वळवायची. ही युक्ती इंग्लंडला कळली ती आपल्या पुण्याकडून: टिपूच्या लोकांनी कापलेलं कावसजी गाडीवानाचं नाक तिथे असंच नव्याने घडवलं, ती हकिकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली होती.

गोळ्यांचा हिशेब सेनापतींनी महिनोन्‌महिने केला, चेहऱ्यांचा अंदाज दहा पटींनी चुकला. चेहऱ्यांसाठीचं स्वतंत्र क्वीन्स हॉस्पिटल सिडकपला उघडलं ते १९१७मध्ये. तिथे ५,०००हून अधिक जवानांवर ११,०००हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.