मँड्रेकचे वारस

पेढी बुडाली म्हणजे तिचा माल लिलावांत जातो आणि गिऱ्हाईक दुसरें दुकान शोधूं लागतें, हा जगाचा जुना रिवाज आहे. परंतु ज्या मालावर पेढीची एकटीची मालकीच नाहीं, त्याचें काय होतें, हा प्रश्न संगणकाच्या युगांत नव्यानें उत्पन्न झाला. त्याचें एक उद्‌बोधक उत्तर फ्रान्स देशांत सांपडतें. तें वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गाएल दुव्हाल नांवाच्या फ्रेंच तरुणानें जुलै १९९८ मध्यें 'लिनक्स मँड्रेक' ही संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. सामान्य माणसालाही ती सहज हाताळतां येई. लवकरच मँड्रेकसॉफ्ट कंपनी निघाली. पण जी वस्तु कोणासही फुकट उतरून घेतां येते तिच्यावर नफा कसा मिळवावा, हें कोडें तिला कधींच नीटसें सुटलें नाहीं. वर्गणी भरून सभासद व्हा, अशी विनवणी तिनें वापरणारांस केली. तरीही जानेवारी २००३ मध्यें तिला न्यायालयाच्या आश्रयास जावें लागलें. त्यांतून ती निभावली, तों नांवाचा तंटा! आमच्याकडे 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून ज्ञात झालेला जादूगार मँड्रेक हा अमेरिकेंतील हर्स्ट कंपनीच्या हक्कांतला. अखेर २००५ सालीं ब्राझीलची कोनेक्टिव्हा कंपनी सामील करून घेऊन 'मँड्रिव्हा' हें जोडनांव धारण करण्यांत आलें. पुढील वर्षीं खुद्द दुव्हाललाच नोकरींतून कमी केलें.

२०१० सालीं कंपनीची 'एज-आयटी' ही शाखा दिवाळ्यांत निघाली व प्रणाली रचणारे बरेच नोकर घरीं बसले. १८ सप्टेंबर रोजीं या मंडळींनीं आणि त्यांच्या स्वयंसेवक सहकाऱ्यांनीं जाहीर केलें कीं, कंपनीच्या चढउतारांवर व लहरींवर आपण यापुढें विसंबणार नाहीं. हेंच काम स्वतंत्रपणें चालवूं.

कायद्यानें त्यांना कोणाची परवानगी लागत नव्हती. प्रणालीचें मूळ लिखाण कोणींही घ्यावें, सुधारावें व वाटावें, अशी मुभा परवान्यांतच होती. पण परवाना लिखाण देतो. नांव देत नाहीं, यंत्रें देत नाहीं, आणि रोज नव्यानें आढळणारीं सुरक्षेचीं छिद्रें बुजविणारे हातही देत नाहीं. हजारों घटकांतून मँड्रिव्हाचें नांव व चिन्हें पुसावयाचीं, ते घटक पुनः बांधण्यासाठीं यंत्रें जमवावयाचीं, ही खरी मेहनत. शिवाय पुनः कोणी धनी होऊं नये म्हणून फ्रान्सच्या १९०१ च्या कायद्यान्वयें त्यांनीं ना-नफा संस्था स्थापिली. 'माजेया' हें तिचें नांव. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ जादू. मँड्रेकचा वारसा असा आडवाटेनें कां होईना, टिकला!

पहिली आवृत्ति १ जून २०११ रोजीं बाहेर पडली. या यशाचें सर्व श्रेय निःस्वार्थ सेवेस देण्याचा मोह आम्हांस आवरावा लागतो. यांतील कित्येकांचा हात कंपनीच्या पगारावरच तयार झाला होता. बुडत्या पेढीनें दिलेलें हें शिक्षण हिशेबांत धरल्यावांचून स्वयंसेवकांची थोरवी सांगणें अपुरें होय. मात्र पगार थांबल्यावर काम न थांबविणें, हें सर्वस्वीं त्यांचें.

मँड्रिव्हा कंपनी मे २०१५ मध्यें विसर्जित झाली. माजेयाची नववी आवृत्ति ऑगस्ट २०२३ मध्यें निघाली. इतरांनीं टाकून दिलेल्या जुन्या ३२-बिटी यंत्रांवरही ती चालते.