प्राण्यांच्या मेंदूतील बिनतारी यंत्र कसे काम करते?

मेंदूतील चेतापेशी विजेच्या अतिसूक्ष्म संकेतांतून एकमेकींशी संपर्क साधतात. हे संकेत टिपण्यासाठी मेंदूत सुईसारखे बारीक इलेक्ट्रोड बसवतात. पूर्वी ते केबलने संगणकाला जोडलेले असत. प्राणी मोकळेपणाने हिंडू-फिरू शकत नसे आणि वायर जिथून बाहेर येई, तिथे जंतुसंसर्गाचा धोका राही. चालताना, खाताना किंवा झोपेत मेंदूत काय घडते, हे बांधलेल्या प्राण्यात नीट कळणार कसे?

यंत्रात काय असते?

अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात आर्तो नुर्मिक्को यांच्या गटाने २०१३ मध्ये यावर एक उपाय मांडला. टायटेनियमच्या हवाबंद डबीत चिप, रेडिओ आणि बॅटरी बसवून ती त्वचेखाली ठेवली. १०० इलेक्ट्रोडनी टिपलेले संकेत ही डबी रेडिओलहरींनी बाहेरच्या रिसीव्हरकडे पाठवते. धातूतून रेडिओलहरी जात नाहीत, म्हणून डबीला कृत्रिम नीलमची खिडकी असते. बॅटरी त्वचेवरूनच, वायर न जोडता चार्ज होते आणि एकदा चार्ज झाली की सहा तासांहून अधिक चालते. डुकरे आणि माकडांमध्ये हे यंत्र वर्षाहून अधिक काळ चालले.

खरी अडचण कोणती?

उष्णता. जास्त माहिती पाठवायची तर वीज जास्त लागते आणि यंत्र तापते. आसपासच्या ऊती तापल्या तर त्यांना इजा होऊ शकते. म्हणून या यंत्राची विजेची गरज १०० मिलीवॉटच्या आत ठेवली होती. दुसरी अडचण म्हणजे इलेक्ट्रोडभोवती हळूहळू व्रण-ऊती तयार होतात आणि संकेत क्षीण होत जातात.

याचा उपयोग काय?

२०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधील ग्रेगोआर कूर्तीन यांच्या गटाने पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला इजा झालेल्या माकडांवर प्रयोग केला. मेंदूतील चालण्याचे संकेत बिनतारी मार्गाने इजेच्या खालच्या भागातील उत्तेजक यंत्राकडे पाठवले गेले आणि लुळा पडलेला पाय पुन्हा हलू लागला. याच दिशेने पुढे जात २०२३ मध्ये अर्धांगवायू झालेल्या एका माणसालाही चालता आले.

वायर गेली तरी प्राण्याची शस्त्रक्रिया टळत नाही. त्यामुळे यंत्र किती लहान आणि टिकाऊ आहे याइतकेच, प्राण्याला किती कमी त्रास होतो हेही पाहावे लागते.