‘मूल नको’ असं बाई एकटी ठरवू शकते का? कायदा काय सांगतो?

लग्नाला वर्ष होत नाही तोच ‘गोड बातमी कधी?’ सुरू होतं. ‘आम्हाला मूल नकोच आहे’ असं उत्तर दिलं, तर समोरचा चांगल्या डॉक्टरचं नाव सुचवतो. मूल न होणं वेगळं आणि मूल नको असणं वेगळं, हे पटकन कुणाच्या लक्षात येत नाही. मूल नको असं ठरवणाऱ्यांसाठी सध्या ‘चाइल्डफ्री’ हा शब्द वापरला जातो.

हे नवीन फॅड आहे का?

नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी स्वतःही मूल होऊ न देण्याचा निर्णय घेतला होता. म्हणजे मराठी घरातली ही चर्चा शंभर वर्षं जुनी आहे.

‘मूल नको’ म्हणण्याचा हक्क आहे का?

आहे. सुचिता श्रीवास्तव खटल्यात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, मूल होऊ देणं किंवा न देणं हा बाईचा निर्णय राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे.

गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागते का?

कायद्याने लागत नाही. १९७१ च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. मात्र नुसतं ‘मला नको’ म्हणून भागत नाही, डॉक्टरचं मत लागतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं आणि ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं मत लागतं.

मग अडचण कुठे येते?

घटस्फोटाच्या कोर्टात. समर घोष खटल्यात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानसिक क्रूरतेची काही उदाहरणं दिली. लग्नानंतर नवरा किंवा बायकोने मूल न होऊ देण्याचा एकतर्फी निर्णय घेणं, हे त्यातलं एक. वैद्यकीय कारण नसताना नवऱ्याला न सांगता केलेला गर्भपातही या यादीत आहे. म्हणजे जे करायला नवऱ्याची परवानगी लागत नाही, तेच घटस्फोटाचं कारण ठरू शकतं. ‘ठरू शकतं’ हे महत्त्वाचं. प्रत्येक प्रकरणात तसं होतंच असं नाही, कोर्ट सगळी परिस्थिती बघतं.

नसबंदी करून घेता येते का?

सरकारी नियमावलीनुसार त्यासाठी लग्न झालेलं असावं लागतं, बाईचं वय २२ ते ४९ च्या दरम्यान असावं लागतं आणि वर्षापेक्षा मोठं किमान एक मूल असावं लागतं. वैद्यकीय गरज असेल तरच मुलाच्या अटीतून सूट मिळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ३८ टक्के विवाहित महिलांनी नसबंदी करून घेतलेली होती. पुरुष नसबंदीचं प्रमाण फक्त ०.३ टक्के होतं. थोडक्यात, मुलं झाल्यावर ऑपरेशनची जबाबदारी बाईवर येते, पण एकही मूल नको असलेल्या बाईला ते सहज मिळत नाही. तिच्यासाठी तांबी, गोळ्या, इंजेक्शन हे पर्याय उरतात.

मग काय करावं?

कोर्टाच्या यादीतला कळीचा शब्द आहे ‘एकतर्फी’. दोघांनी मिळून ठरवलं असेल, तर क्रूरतेचा प्रश्नच येत नाही. पत्रिका, पगार आणि फ्लॅट यांची चौकशी लग्नाआधी होतेच. ‘तुला मूल हवंय का?’ हा प्रश्नही तेव्हाच विचारलेला बरा.