तुतवार, चमचाचोच
कॅरॅड्रिइफॉर्मिस गणातील स्कोलोपॅसिडी कुलात मोडणारा, चमच्याच्या आकाराची चोच असलेला, अतिसंकटग्रस्त असा लहान स्थलांतरी किनारपक्षी. शास्त्रीय नाव कॅलिड्रिस पिग्मिया. कार्ल लिनीअस याने 1758 मध्ये चोचीच्या आकारावरून त्याला चमचा पक्ष्याच्या (पहा : चमचा) प्रजातीत ठेवले होते, वस्तुतः तो तुतवारांपैकी (पहा : तुतवार) आहे.

लांबी 14–16 सेंमी. चोच व पाय काळे असतात. विणीच्या हंगामात डोके, मान व छाती तांबूस होते, तर हिवाळ्यात पाठ करडी व पोट पांढरे दिसते. चोचीचे चपटे, रुंद टोक अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलातही स्पष्ट दिसते. उथळ पाण्यात व मऊ चिखलात चोच दोन्ही बाजूंना हलवीत तो सूक्ष्म अपृष्ठवंशी प्राणी टिपतो.

वीण ईशान्य रशियातील चुकोत्का व उत्तर कॅमचॅटका येथील किनारी टंड्रात होते. मादी बहुधा चार अंडी घालते. नर व मादी दोघेही ती उबवितात, मात्र पिलांची राखण मुख्यतः नर करतो. हिवाळ्यासाठी हे पक्षी सुमारे 8,000 किमी. प्रवास करून बांगला देश, म्यानमार, थायलंड व दक्षिण चीन येथील किनाऱ्यांवर येतात. भारतात त्यांची नोंद विरळ असून ती मुख्यतः पूर्व किनाऱ्यावरील आहे.

वाटेतील पीत समुद्राच्या भरतीओहोटीच्या दलदली भराव घालून बुजविल्या गेल्याने (दक्षिण कोरियातील सेमांगम येथील सागरी भिंत 2006 मध्ये पूर्ण झाली) आणि हिवाळी क्षेत्रांत जाळी लावून होणाऱ्या शिकारीमुळे त्यांची संख्या वेगाने घटली. 2008 पासून त्यांची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते. 2012 पासून चुकोत्कात अंडी कृत्रिम रीत्या उबवून वाढविलेली पिले निसर्गात सोडली जाऊ लागली (पहा : पाणथळ प्रदेश; स्थलांतर, प्राण्यांचे).